मुंबईच्या कादंबऱ्या कोणत्या क्रमाने वाचाव्यात

मुंबईवरच्या कादंबऱ्या वाचायला घेणारे बहुतेक जण त्या प्रकाशनाच्या सालानुसार लावतात. त्याऐवजी वस्तीनुसार लावाव्यात, कारण या शहरात माणूस रात्री कुठे पाठ टेकतो यावर त्याची बरीचशी गोष्ट ठरते.

सुरुवात चाळीपासून करावी. किरण नगरकरांच्या ‘रावण अँड एडी’मध्ये (1995) माझगावच्या एकाच चाळीत वेगवेगळ्या मजल्यांवर राहणारी हिंदू आणि ख्रिस्ती कुटुंबे आहेत, जिना एक असूनही त्यांचे जग किती निराळे असते, हे नगरकर जितक्या हसतखेळत सांगतात तितकेच ते झोंबते. त्यांचीच ‘सात सक्कं त्रेचाळीस’ (1974) मात्र पहिल्यांदा हाती घेऊ नये, कारण तिच्यातला काळ सरळ चालत नाही आणि नवखा वाचक तिथेच कंटाळण्याची शक्यता असते.

चाळीतून खाली उतरले की नाका लागतो. भाऊ पाध्ये यांची ‘वासूनाका’ (1965) टवाळ पोरांच्या तोंडच्या भाषेत लिहिलेली असून आचार्य अत्रे यांनी तिच्यावर अश्लीलतेचा आरोप करून कडाडून टीका केली होती. त्या वादामुळे ती चवीने वाचणारे पुष्कळ आहेत, पण तिचे खरे बळ बोलीत आहे. निवेदक पोक्याचे एखादे पान मोठ्याने वाचून पाहावे. मूकवाचनात निसटणारी लय तेव्हा लगेच सापडते.

झोपडपट्टीसाठी जयवंत दळवींची ‘चक्र’ (1963) आणि मधु मंगेश कर्णिकांची ‘माहीमची खाडी’ (1969) लागोपाठ वाचाव्यात, म्हणजे एकाच प्रकारच्या वस्तीकडे पाहणाऱ्या दोन नजरांची तुलना करता येते.

पारशी मुंबई हवी असेल तर रोहिंटन मिस्त्री यांची इंग्रजीतली ‘सच अ लाँग जर्नी’ (1991) घ्यावी. तिचा काळ 1971च्या युद्धाच्या आसपासचा आहे. इमारतीच्या कुंपणाच्या भिंतीवर येणारे-जाणारे लघवी करतात, म्हणून गुस्ताद नोबल फुटपाथवरच्या एका चित्रकाराकडून तिच्यावर सर्व धर्मांची देवदैवते रंगवून घेतो आणि जिथे दुर्गंधी होती तिथे लोक हात जोडू लागतात. कादंबरीतला राजकीय भाग विसरला तरी चालेल, पण ही भिंत लक्ष देऊन वाचावी. माझ्या मते मुंबईचा स्वभाव इतक्या थोडक्यात फार कमी ठिकाणी पकडला गेला आहे.

सत्तेची मुंबई शेवटी ठेवावी. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवर मिळून जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’ हा चित्रपट 1979मध्ये आला. तो आधी पाहिला तर पात्रांना नटांचे चेहरे चिकटतात आणि कोणता प्रसंग कोणत्या पुस्तकातला हेही गोंधळते, म्हणून दोन्ही कादंबऱ्या संपवूनच चित्रपट पाहावा.