बीप मोजा, मग स्क्रू ड्रायव्हर काढा

शनिवार पेठेतल्या माझ्या टेबलावर महिन्याला चार-पाच संगणक तरी असे येतात, की मूळ बिघाड एक आणि दुरुस्त करायच्या गोष्टी तीन. वरच्या दोन मालकाने घरी स्वतःच्या हाताने जोडलेल्या असतात. मशीन बिचारं सुरू होतानाच ओरडून सांगत असतं कुठे दुखतंय ते. पण ऐकायला वेळ कुणाला आहे?

बटण दाबल्यावर विंडोज यायच्या आधी बायोस, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमधला मशीन सुरू करणारा प्रोग्राम, स्वतःच प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले चाचपून बघते. याला पोस्ट (पॉवर-ऑन सेल्फ टेस्ट) म्हणतात. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून हा प्रकार आहे. स्क्रीनच लागत नसेल तर निरोप लिहिणार कुठे, म्हणून बीप.

दुसऱ्याचा तक्ता, आपलं मशीन

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते या चुकीवर. बीपची भाषा सगळ्या संगणकांची एक नसते. बायोस बनवणाऱ्या कंपन्यांत एएमआयची वेगळी, अवॉर्डची वेगळी, फिनिक्सची तर गटागटात, म्हणजे एक-तीन-चार-एक अशी. डेल, एचपी, लेनोवो यांचं आणखी निराळं. त्यात अवॉर्ड १९९८ साली फिनिक्समध्ये विलीन झाली. त्यामुळे मदरबोर्डवर ‘फिनिक्स-अवॉर्ड’ वाचून लोक फिनिक्सचा तक्ता (किती बीप म्हणजे कुठला बिघाड, त्याची यादी) उघडतात आणि लागतो बहुतेक वेळा अवॉर्डचा.

कर्वेनगरला चौघांत फ्लॅट घेऊन राहणारा इंजिनिअरिंगचा एक मुलगा परीक्षेच्या तोंडावर जुना डेलचा डेस्कटॉप रिक्षात घालून माझ्याकडे आला. “काका, नवा प्रोसेसर टाकला तरी पाचच बीप येतायत.”

“नवा का टाकलास?”

“पाच बीप म्हणजे प्रोसेसर गेला. तक्त्यात आहे.” फोनवर तक्ताही दाखवला. तक्ता खरा होता, पण एएमआयचा. एएमआयच्या जुन्या यादीत पाच म्हणजे प्रोसेसर, आणि डेलच्या त्या पिढीत पाच म्हणजे बोर्डवरचा घड्याळाचा सेल! तोच, नाण्याएवढा, सीआर२०३२. काढून मल्टिमीटर लावला. तीन व्होल्टचा सेल १.९ दाखवत होता. नवा बसवला, बीप बंद.

मी विचारलं, “महिनाभर घड्याळ मागे पडत होतं का रे?” म्हणाला, “हो, तारीख रोज चुकायची, वेबसाइट उघडायच्या नाहीत. मी दुर्लक्ष केलं.”

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहायला बसलो नसतो. सेल टाकून मशीन लागलं, आणि पाच मिनिटांत पंखा मिक्सरसारखा घोंघावून बंद पडलं. गड्याने प्रोसेसर बदलताना जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता वरच्या पंख्याच्या धातूकडे नेणारा लेप) पुसून काढली होती आणि नवी लावलीच नव्हती. “व्हिडिओत तो भाग मी पुढे ढकलला,” म्हणाला. सॉकेटच्या पिना वाकल्या नव्हत्या हे त्याच्या आईवडिलांचं पुण्य. तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून २,२०० रुपयांना आणलेला तो सेकंडहँड प्रोसेसर दुकानदाराने अर्थातच परत घेतला नाही. जिथे सेलच्या पैशात काम होत होतं तिथे हा खर्च.

त्यामुळे माझी सवय अशी: आधी मशीनवरचं मॉडेलचं स्टिकर वाचतो. ब्रँडेड असेल तर त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची पुस्तिका. असेम्बल केलेलं असेल तर बोर्डचं नाव आणि बायोस कुणाची ते. हे हाती नसेल तोवर कुठलाच तक्ता उघडत नाही.

न मोजता बटण दाबणं

पहिली बीप झाली की लोक घाबरून बटण दाबून धरतात. अहो, पाहुण्याने दारात तोंड उघडलं की तुम्ही दार लावता का? पूर्ण वाजू द्या. पुन्हा सुरू करा, पुन्हा ऐका. मी तीनदा फोनवर रेकॉर्ड करतो आणि कागदावर लांब बीपला रेघ, छोटीला टिंब असं लिहितो. अवॉर्डमध्ये एक रेघ दोन टिंबं म्हणजे डिस्प्लेकडे बघा. थांबून थांबून नुसत्या लांब बीप येत राहिल्या तर रॅम. ‘बरेच वेळा वाजलं’ यावरून मला काही सांगता येत नाही आणि ज्याला येतं त्याच्याकडे मशीन देऊ नका.

बीप कुणाची?

टेबलाखालच्या युपीएसची बॅटरी मरायला टेकली की तोही बीप करतो. संगणकाची वायर युपीएसमधून काढा; तरी वाजतंय? मग केबिनेट कशाला उघडताय? कीबोर्डच्या कडेवर फाइल ठेवून एखादं बटण दाबलेलं राहिलं तरी मशीन कटकट करतं. सीए लोकांच्या ऑफिसात जुलै महिन्यात हे हमखास.

रॅम पुसताना

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, माझ्याकडची निम्मी बीपची प्रकरणं नुसती रॅम काढून पुसून बसवल्यावर सुटतात. हवेतल्या दमटपणाने आणि धुळीने रॅमच्या कडेच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो. पण लोक काय करतात, तोंडाने फुंकर मारतात. थुंकीचे शिंतोडे स्लॉटमध्ये! पांढरं मऊ खोडरबर पट्टीवर हलक्या हाताने फिरवा, चुरा ब्रशने झाडा, पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर उत्तम. त्याआधी वायर काढून पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा. आणि बसवताना दोन्ही बाजूंनी ‘टक्’ ऐकू आल्याशिवाय बसली असं समजू नका. रॅमच्या दोन कांड्या असतील तर बहुतेक चार स्लॉटच्या बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा. शेजारी-शेजारी नव्हे.

बीपच येत नाही म्हणजे सगळं ठीक, हा गैरसमज

हल्लीच्या कितीतरी बोर्डांवर स्पीकरच नसतो. बोर्डाच्या कडेला सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (डिस्प्ले), बूट (विंडोज असलेली डिस्क) अशा नावांचे चार बारीक दिवे असतात. जो पेटून राहील तिथे बघा. दिवेही नसतील तर स्पीकरच्या पिनांवर लावायचा छोटा बझर तापकीर गल्लीत मिळतो. मी दोन खिशात ठेवतो.

बझर लावून मी सगळ्यात आधी एक उलटा प्रयोग करतो. सगळी रॅम काढून मशीन चालू करायचं. रॅम नाही म्हणून ओरडलं, तर बरी बातमी: बोर्ड आणि प्रोसेसर निदान तक्रार करण्याइतके जिवंत आहेत. मग एकेक कांडी घालत जायचं. रॅमशिवायही चिडीचूप असेल तर संशय एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), बोर्ड किंवा प्रोसेसरवर. पण त्याआधी प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची विजेची वायर जोडली आहे ना ते बघा. नव्याने असेम्बल केलेल्यांत ती विसरलेली असतेच.

फुटकळ, पण रोजच्या

वायर चालू ठेवून रॅम काढणं: यावर बोलायची माझी इच्छा नाही.

ग्राफिक कार्ड बसवून मॉनिटरची केबल मात्र बोर्डलाच लावणं.

ग्राफिक कार्डला एसएमपीएसची वेगळी सहा-आठ पिनांची वायर न देणं. बऱ्याच कार्डांना ती लागते.

डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमवाल्या मशीनला पहिल्यांदा रॅम ओळखायला कधी कधी काही मिनिटं लागतात, स्क्रीन काळीच असते. तेवढ्यात तीनदा बटण दाबणारे महाभाग मला भेटलेत. चहा करून या.

आणि मला फोन करताना “काका, वाजतंय” एवढंच सांगू नका. कंपनी, मॉडेल, रेघा-टिंबं आणि वाजायच्या आधी घरात काय झालं होतं ते सांगा: वीज गेली, मांजर चढलं, मेव्हण्याने “जरा बघतो” म्हटलं. जे काही असेल ते.