कंदेलारियाच्या रानात जाण्याआधी

ब्राझीलच्या पोर्तो वेल्यो शहराजवळ कंदेलारियाला मादेइरा-मामोरे रेल्वेच्या बांधकामाची (१९०७ ते १९१२) जागा बघायला जाणार असाल, तर तयारी घरूनच सुरू करा. इथे मजुरांचं इस्पितळ होतं. आता रानात त्यांचं कब्रस्तान आणि गंजलेली इंजिनं उरली आहेत. मलेरिया, पीतज्वर (यलो फीवर) अशा आजारांनी या बांधकामात हजारो मजूर गेले, आणि ते डास अजूनही आहेत.

पीतज्वराची लस निघण्याआधी किमान १० दिवस घ्या. भारतात ती फक्त सरकारमान्य केंद्रांतच मिळते. लसीचं पिवळं प्रमाणपत्र पासपोर्टलाच जोडून ठेवा. ते नसेल तर मायदेशी परतल्यावर विमानतळावरूनच ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात जावं लागू शकतं. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, आणि परतल्यावर ताप आला तर प्रवासाचं आधी सांगा.

जून ते ऑगस्ट कोरडे महिने, तेव्हाच जा. पूर्ण बाह्यांचा सदरा, घोट्यावर येणारे बूट, हातात काठी. पालापाचोळ्याखाली लोखंडाचे तुकडे लपलेले असू शकतात, म्हणून काठीने चाचपूनच पाऊल टाका. बॉयलरच्या पोकळीत हात घालू नका, गांधीलमाश्या असू शकतात. आणि गंजका खिळाही आठवण म्हणून उचलू नका. तो तिथे मेलेल्या माणसांचा आहे.