आधी डोळा, मग कुंडी

भाजी निवडून झाली की ओट्यावर देठे, साली, मोड आलेला एखादा कांदा आणि टोपलीच्या तळाशी सुरकुतलेले आले असा पसारा उरतो. त्यातील काय पुन्हा रुजेल आणि काय थेट कंपोस्टच्या डब्यात जावे हे ठरवताना त्या तुकड्यावर डोळा आहे की नाही, एवढे पाहिले तरी पुरते. ज्या जागेतून नवा कोंब फुटतो तिला डोळा म्हणतात. आले, हळद, अळू आणि बटाटा जमिनीखाली वाढत असले तरी ती मुळे नसून खोडेच आहेत, त्यामुळे त्यांच्या अंगावर डोळे असतात. गाजर आणि मुळा ही मात्र खरीखुरी मुळे आहेत. त्यांचा कोंब फक्त माथ्यावरच्या चकतीतून फुटतो. बशीभर पाण्यात ठेवलेल्या गाजराच्या माथ्याला आठवड्याभरात सुंदर हिरवा तुरा येतो आणि मुले हरखून जातात, परंतु त्याला खाली नवे गाजर कधीही धरत नाही. मुळ्याचा निदान पाला भाजीला येतो.

ज्यांच्याकडे एकाच कुंडीपुरती जागा आहे त्यांनी आले लावावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे अक्षय तृतीयेपासून मे महिन्याच्या अखेरीपर्यंत आल्याची लागवड होते आणि घरच्या कुंडीनेही तेच वेळापत्रक पाळावे. थंडीत लावलेला तुकडा महिनोन् महिने तसाच पडून राहतो. सुरकुतलेले आले चालते, मात्र दाबल्यावर मऊ लागणारे किंवा बुरशी धरलेले घेऊ नये. दोन-तीन फुगीर डोळे असलेला, अंगठ्याहून थोडा मोठा, साधारण 30 ते 40 ग्रॅमचा तुकडा हाताने मोडून किंवा स्वच्छ सुरीने कापून घ्यावा आणि जखम सुकेपर्यंत एक-दोन दिवस सावलीत ठेवावा. हे झाले बेणे.

आल्याचे कंद खोल जाण्याऐवजी आडवे पसरतात, म्हणून 12 ते 15 इंच रुंद तोंडाची कुंडी उंच बादलीपेक्षा चांगली. निम्मी माती, निम्मे चांगले कुजलेले शेणखत आणि पाणी झिरपण्यासाठी थोडे कोकोपीट किंवा जाडसर वाळू एकत्र करून कुंडी भरावी, बेणे डोळे वरच्या बाजूला ठेवून दोन इंच खोल लावावे आणि वर वाळक्या पालापाचोळ्याचा थर द्यावा. कोंब वर येण्यास तीन-चार आठवडे लागतात. या काळात माती ओलसर असावी, पण चिखल होता कामा नये. बहुतेक बेणे याच काळात अतिमायेने कुजते. माझी पहिली कुंडी मी अशीच घालवली. जुलैच्या झडीत कुंडीखालची ताटली काढायचे राहून गेले, पाने खालून पिवळी पडत गेली आणि एके दिवशी कोंब धरून हलकेच ओढला तर तो बुडाशी तपकिरी, बुळबुळीत होऊन अलगद हातात आला. त्याची दुर्गंधी हातावरून दिवसभर गेली नाही. ही कंदकुज होय. एकदा ती लागली की उपचारापेक्षा ती माती बाजूला काढणे शहाणपणाचे, आणि त्या कुंडीत निदान पुढच्या हंगामात आले किंवा हळद लावू नये.

आल्याला सकाळचे कोवळे ऊन पुरते, दुपारच्या उन्हात पाने करपतात. महिन्यातून एकदा ओंजळभर शेणखत आणि मातीची भर द्यावी, कारण उघडा पडलेला कंद हिरवा होतो आणि पोसत नाही. चार-पाच महिन्यांनंतर कडेची माती उकरून चहापुरता कोवळा तुकडा काढून घेता येतो. पुरे पीक डिसेंबर-जानेवारीत पाने पिवळी पडून वाळू लागली की पाणी तोडून काढावे. एका तुकड्यामागे पावशेर आले निघाले तरी कुंडी पावली असे समजावे.

ओल्या हळदीची लागवडही याच पद्धतीने आणि याच दिवसांत होते. तिचा आणखी एक लाभ असा की वेळेवर लावल्यास श्रावणात पातोळ्यांसाठी पाने घरचीच मिळतात.

पुदिन्याला कोणताही हंगाम चालतो. जुडीतील जाड, किंचित लालसर देठ निवडून पेराच्या जरा खाली कापावेत, खालची पाने खुडावीत आणि निदान दोन पेरे पाण्यात बुडतील असे ते ग्लासात उभे करावेत, कारण मुळे पेरातूनच फुटतात. पाणी एक दिवसाआड बदलावे. आठ-दहा दिवसांत पांढरी मुळे बोटाच्या पेराएवढी झाली की देठ पसरट कुंडीत लावावेत. कोथिंबिरीच्या जुडीची मुळे लावण्याचा खटाटोप मात्र करू नये. धने पोळपाटावर लाटण्याने रगडून दोन फाके करून पेरले तर त्याहून लवकर आणि भरपूर कोथिंबीर मिळते.

मोड आलेला कांदा मातीत अर्धा पुरला की पंधरा दिवसांत पात कापायला येते, पण त्यातून मोठा नवा कांदा होईल अशी आशा धरू नये: हे झाड पहिल्या वर्षी कांदा साठवते आणि दुसऱ्या वर्षी तो साठा फुलोऱ्यावर व बियांवर खर्च करते. लसणाचे तसे नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावलेल्या प्रत्येक पाकळीचा नवा गड्डा होऊ शकतो, मात्र त्याला थंडी हवी, म्हणून मुंबईच्या दमट हवेत पातीवरच समाधान मानावे. एखाद्या कांद्याला कधीच मोड येत नाहीत, याचेही कारण असू शकते. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या ‘कृषक’ केंद्रात कांद्यांना गॅमा किरणांचा मारा देऊन त्यांची मोड येण्याची शक्तीच काढून घेण्याची सोय आहे.

बटाट्याला डोळे भरपूर असतात, परंतु त्याला खोल पोते किंवा बादली आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरची लागवड लागते. वाढताना उन्हाने हिरवा झालेला बटाटा खाऊ नये.

बियांच्या बाबतीत डोळ्याचा नियम चालत नाही, तेथे वाण पाहावा लागतो. बाजारातील टोमॅटो बहुतेक संकरित असतात. त्यांचे बी रुजते, पण फळ मूळ टोमॅटोसारखे निघेलच असे नाही. हापूसच्या कोयीचेही तेच. तिच्यापासून हापूस मिळत नाही, म्हणूनच कोकणात कलमे बांधतात. कागदी लिंबाचे बी मात्र बहुधा आईच्या वळणावर जाते. एकाच बीमधून कधी कधी दोन-तीन रोपे येतात, त्यातील सर्वांत किरकोळ रोप उपटून टाकावे. बी सुकू न देता, सरबत झाल्या झाल्या धुऊन, अर्धा इंच खोल पेरावे. फळासाठी चार-पाच वर्षे थांबावे लागते, त्यामुळे दर अकरा महिन्यांनी घर बदलावे लागणाऱ्यांनी पुदिनाच लावावा.