बसचं छत गळत नव्हतं

जुन्या बसची मोटरहोम केली आणि पहिल्याच थंडीत पहाटे अंथरुणावर टपटप सुरू झाली. जो तो म्हणे, छत गळतंय. पण पाऊस कुठे होता? आतलं पॅनेल उघडलं तर थर्माकोल कोरडा ठणठणीत आणि मधल्या लोखंडी कमानी मात्र घामाघूम. श्वासातली नि स्वयंपाकाची वाफ गार लोखंडावर जमत होती. गॅस जळतानाही पाणी तयार होतंच. गंज घासून प्रायमर मारला. मग पाणी न शोषणारा फोम पत्र्याला चिकटवून कमानींवरूनही सलग फिरवला. खरी मेख इथेच आहे: एक पट्टी उघडी राहिली तरी ती ठिबकते. छतात एक्झॉस्ट फॅनही बसवला. नुसत्या फॅनने भागत नाही, हवा आत यायला समोरची खिडकी बोटभर उघडी लागते.