ई-स्कूटरची मोटर जाम? खोलण्याआधी या चुका टाळा

पांदण रस्त्याने वावरात ये-जा करणाऱ्या, चाकातच मोटर (हब मोटर) असलेल्या ई-स्कूटरचं मागचं चाक पावसाळ्यात एखाद्या सकाळी हलतच नाही. कास्तकार आधी ॲक्सिलरेटर पिळून बघतो, आणि तिथेच खर्च वाढतो. चाक अडलेलं असलं तरी करंट जातच राहतो. एक तर कंट्रोलर (बॅटरीचा करंट मोटरला सोडणारा डबा) उडतो, नाही तर वाइंडिंग जळतं. चाबी काढा, बॅटरीचा एमसीबी पाडा.

त्याहून मोठी चूक म्हणजे लगेच मोटर खोलायला घेणं. आधी ब्रेक बघा. ड्रम ब्रेकमध्ये काळ्या मातीचा चिखल वाळला की लायनर ड्रमला धरून बसतात. ब्रेक मोकळा असेल तर मोटरच्या तीन जाड वायरी (फेजच्या; बहुतेक पिवळी, हिरवी, निळी) कंट्रोलरपासून सोडा, टोकं एकमेकांना लागू देऊ नका आणि चाक हाताने फिरवा. मोकळं फिरलं, तर मोटर जाम नाही. बहुधा कंट्रोलरमधले मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे स्विच) शॉर्ट झालेत. त्यामुळे फेजच्या वायरी आतल्या आत जोडल्या जातात आणि चाक फिरवलं की मोटर जनरेटरसारखी वागून स्वतःलाच ब्रेक लावते. हे हाताला कळतं: हळू ढकललं तर चाक अडखळत सरकतं, जोर लावला तर जास्त अडतं. गंजलेलं बेअरिंग मात्र करकरतं, नाहीतर ठार बसतं. वायरी सोडूनही चाक हललं नाही, तरच पाना उचला. वॉरंटी असेल तर तोही नको.

गंज सोडवायचा स्प्रे किंवा डिझेल मारून बेअरिंग चार दिवस फिरेल, पण उरलंसुरलं ग्रीस धुऊन निघेल. बेअरिंग बदलाच. जुन्यावरचा नंबर वाचून त्याच मापाचं, रबर सीलचं घ्या.

झाकण काढण्याआधी खूण करा. एक्सलवर हातोडी नको, पुलर (ओढून काढायचं अवजार) लावा. मॅग्नेट ठिसूळ असतात, आणि स्टेटर (एक्सलवरचा वाइंडिंगचा गाभा) परत आत खेचतात तेव्हा बोटं चेंगरतात. गॅसची ज्योत तर दाखवूच नका. साध्या प्रतीच्या निओडिमियम मॅग्नेटची ताकद ८० अंशांच्या वर उतरू लागते. स्टेटरवर चकाकणारा ओरखडा दिसला तर एखादं मॅग्नेट गंजाने उचललंय का ते बघा. दुकानातला लोखंडी कीस मॅग्नेटला चिकटतो, कापडाने निघत नाही. चिकटपट्टी दाबून उचला.

जोडण्याआधी स्टेटर कडक उन्हात पूर्ण वाळवा. मग मल्टिमीटरची एक पिन एक्सलवर आणि दुसरी फेजच्या तिन्ही वायरींवर एकेक करून लावा. कुठेही बीप वाजला तर मोटर वाइंडिंगवाल्याकडे न्या.

पाणी बहुतेक वेळा एक्सलच्या वायरीच्या भोकातून शिरतं. तिथे सिलिकॉन भरा, वायर भोकात शिरण्याआधी खाली झोळ देऊन बांधा म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल. वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशरचा पाइप मागच्या चाकाच्या मध्यावर धरू देऊ नका.