स्पॅनिशभाषक वस्तीत मूत्रपिंडविकाराविषयी कसे बोलावे

अमेरिकेतील स्पॅनिशभाषक वस्तीत मूत्रपिंडाच्या आजाराविषयी कार्यक्रम घ्यायचा असेल, तर पत्रके छापण्याआधी एका शब्दाकडे लक्ष द्यावे. मूत्रपिंडांना स्पॅनिशमध्ये ‘रिन्योनेस’ म्हणतात. पण बोलण्यात कमरेलाही अनेक जण हाच शब्द लावतात आणि कंबर धरली की ‘रिन्योनेस दुखतात’ असे सांगतात. त्यामुळे ‘मूत्रपिंडांचा काही त्रास आहे का?’ असे विचारल्यावर ‘छे, काहीच दुखत नाही’ हे उत्तर अगदी प्रामाणिकपणे येते. दीर्घकालीन मूत्रपिंडविकार मात्र बराच काळ दुखत नाही. अमेरिकेत सुमारे ७ प्रौढांमागे एकाला हा विकार आहे आणि त्यांतील १० पैकी जवळपास ९ जणांना त्याची कल्पनाही नसते. म्हणून बोलण्याची सुरुवात या गैरसमजापासूनच करावी.

मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही या विकाराची दोन प्रमुख कारणे आहेत, हे सांगताना लोकांच्या तोंडी असलेले ‘आसुकार’ (साखर) आणि ‘प्रेसियोन’ (दाब) हेच शब्द वापरावेत. श्रोत्यांमध्ये शेतमजूर असतील तर उन्हाचा विषय टाळू नये. मध्य अमेरिकेतील ऊसतोड कामगारांमध्ये मधुमेह वा रक्तदाब नसतानाही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे आढळले आहे आणि त्यामागे उष्णतेतील कष्ट व शरीरातील पाणी घटणे यांचा वाटा असावा, असे मानले जाते. सावली, विश्रांती आणि पाणी यांची गरज अशा श्रोत्यांना वेगळी पटवून द्यावी लागत नाही. ती मुकादमाकडे मागायची कशी, हे सांगावे लागते.

सर्वाधिक वेळ चाचण्यांना द्यावा. रक्तातील क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थाच्या प्रमाणावरून मूत्रपिंडांच्या गाळणक्षमतेचा अंदाज काढतात. तो ३ महिने किंवा अधिक काळ मिनिटाला ६० मिलिलिटरच्या खाली राहिला, तर विकार असल्याचे मानतात. पण हा आकडा चांगला असतानाही लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन झिरपत असू शकते आणि त्याचे प्रमाण लघवीतील क्रिएटिनिनच्या दर ग्रॅममागे ३० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल, तर ती धोक्याची सूचना असते. एवढे आकडे कुणाच्या लक्षात राहणार नाहीत, तशी अपेक्षाही धरू नये. ‘सांग्रे इ ओरिना’, म्हणजे रक्त आणि लघवी, या दोन्ही तपासण्या डॉक्टरांकडे मागायच्या, एवढे एक वाक्य सर्वांकडून मोठ्याने म्हणवून घ्यावे.

औषधांविषयी बोलताना प्रत्यक्ष वेष्टन हातात घ्यावे. आयबुप्रोफेन आणि नॅप्रोक्सेन चिठ्ठीशिवाय मिळतात, पण अंगदुखीसाठी रोज घेतल्यास मूत्रपिंडांना इजा करू शकतात. लेबलावरील इंग्रजी ‘वन्स’ हा शब्द लिहिताना स्पॅनिशमधील ‘ओन्से’सारखाच दिसतो आणि ‘ओन्से’ म्हणजे ११. दिवसातून एकदा घ्यायची रक्तदाबाची गोळी अकरा वेळा घेण्याची सूचना वाटणे, हा अनुवादाचा विनोद नव्हे.

आहाराच्या बाबतीत मनाई केलेल्या पदार्थांची यादी वाटू नये. पोटॅशियमचे बंधन सगळ्यांना लागू नसते आणि टॉर्टिया, राजमा बंद करा म्हटले की श्रोता पुढचे ऐकत नाही. मिठावर बोलावे: दिवसाला २,३०० मिलिग्रॅम सोडियमची मर्यादा सांगून सूपच्या वडीचे वेष्टन सर्वांपुढे वाचून दाखवावे.

बोलणारी व्यक्ती शक्यतो वस्तीतलीच, ‘प्रोमोतोरा’ म्हणून ओळखली जाणारी आरोग्यसेविका असावी. दवाखान्यात मुलांना दुभाषा करू नये. सरकारी निधी घेणाऱ्या दवाखान्यांवर दुभाष्याची मोफत सोय करण्याचे बंधन आहे, हे लोकांना ठाऊक नसते. मेक्सिको वा ग्वाटेमालातून आलेल्या काहींची मातृभाषा मिश्तेको किंवा माम असते, त्यामुळे स्पॅनिश पत्रकही त्यांना परकेच वाटते. अशा वेळी कागद बाजूला ठेवून, घरी गेल्यावर आईला किंवा नवऱ्याला काय सांगणार, ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लावावे, आणि जिथे ते अडखळतील तिथून पुन्हा सुरू करावे.