ब्राझीलच्या बातम्या वाचताना या चुका टाळा

ब्राझीलचं राजकारण वाचताना घोळ होतो तो बहुधा एकाच कारणाने: संसदीय पद्धतीची सवय. तिथे पंतप्रधान शोधत बसू नका. ते पदच नाही. राष्ट्राध्यक्ष हाच राष्ट्रप्रमुख आणि सरकारप्रमुखही. जनता त्याला चार वर्षांसाठी थेट निवडते. संसदीय पद्धत हवी का, हे १९९३ मध्ये सार्वमत घेऊन विचारलंही गेलं. लोकांनी नको म्हटलं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘बहुमत गेलं, आता सरकार पडणार’ हा निष्कर्ष. अविश्वास ठराव नावाचा प्रकारच तिथे नाही. ५१३ जणांच्या प्रतिनिधीगृहात (संसदेच्या कनिष्ठ सभागृहात) राष्ट्राध्यक्षाचा पक्ष बहुतेक वेळा अल्पमतातच असतो, तरी त्याची खुर्ची शाबूत राहते. अडतात ती विधेयकं. म्हणून मग मित्रपक्षांना मंत्रिपदं वाटायची, निधीच्या वाटाघाटी करायच्या, हे आलंच. अध्यक्ष तातडीचा वटहुकूम काढू शकतो, पण तो ६० दिवस, फार तर आणखी ६० दिवस टिकतो. तोवर संसदेने मंजूर केला नाही तर संपला.

महाभियोगाला अविश्वास ठरावाचा भाऊ समजू नका. त्यासाठी कायद्यात बसणारा आरोप लागतो, प्रतिनिधीगृहातल्या दोन तृतीयांश सदस्यांची परवानगी लागते आणि मग खटला सिनेटपुढे, म्हणजे वरिष्ठ सभागृहापुढे, चालतो. (राजकारण त्यात नसतं असं मात्र कुणी म्हणणार नाही.) २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष डिल्मा रूसेफ यांना असंच हटवलं, तेव्हा नवी निवडणूक झाली नाही, उरलेला कार्यकाळ उपाध्यक्ष मिशेल तेमेर यांनी पुरा केला.

सिनेट शोभेचं आहे, हाही गैरसमजच. २६ राज्यं आणि संघीय जिल्हा, प्रत्येकी तीन, असे ८१ सिनेटर लोकांनी थेट निवडलेले असतात, आठ वर्षांसाठी. प्रचंड लोकसंख्येच्या साओ पाउलोलाही तीन, इवल्याशा रोराइमालाही तीनच. सर्वोच्च न्यायालयातल्या ११ न्यायाधीशांची नावं अध्यक्ष सुचवतो, पण सिनेटने होकार दिल्याशिवाय नेमणूक होत नाही.

गव्हर्नर हा केंद्राने धाडलेला माणूस नव्हे. राज्याचा कारभार तोच चालवतो आणि त्याला निवडते त्या राज्यातली जनता. अध्यक्ष त्याला घरी पाठवू शकत नाही. १९८८ च्या राज्यघटनेने नगरपालिकांनाही संघराज्याच्या घटकाचा दर्जा दिलाय, त्यामुळे एखादा महापौर राजधानी ब्राझिलियाशी, म्हणजे केंद्र सरकारशी, भांडताना दिसला तर चकित होऊ नका.